सुनेचा पाय

वैजयंतीला कॉलेजच्या परीक्षेसाठी एक पाय पाहिजे होता. म्हणजे पायांची जोडी. इंग्लंडात, आमच्या ब्रॅकनेलात, तिला पाय मिळाले, नाही असं नाही. पोलिश बाईचे मिळाले, शेजारच्या म्हातारीचे भेगाळलेले मिळाले, पोस्टात काम करणाऱ्या एका जाडजूड बाईचेही मिळाले. घरातलेच तेवढे मिळाले नाहीत, आणि बघायला पाहिजे होते ते नेमके तेच. गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्याशा गोष्टीत एक तरणीताठी पोर गेली, म्हणून सांगते.

वैजयंती आमच्या खटाव तालुक्यातली. लग्न करून हरीशच्या मागनं इंग्लंडला आली तेव्हा तिला चार बुकं मराठी येत होतं आणि इंग्रजी फक्त बसच्या पाटीपुरतं. हरीश हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त तपासून त्याचं स्वतःचंच गोड निघालं. शेवटी शेवटी त्याच्या पायांची अशी आग व्हायची की माणूस पांघरूण सहन करायचा नाही. मग वैजयंतीनं माहेरनं आणलेली काशाची वाटी काढली. तळपायाला तूप लावायचं आणि वाटी घासत बसायची. घासून घासून तूप काळं पडतं. उष्णता निघाली म्हणतात आमच्याकडं. निघते का नाही ते काशाला माहीत, पण हरीशला झोप लागायची.

तो गेला आणि बाईच्या हातांना काम राहिलं नाही. टीव्ही बघता बघता ती वाटी स्वतःच्या मांडीवर घासत बसायची. बातम्या चालू आणि हिचं आपलं घासणं चालू. तिच्या पुष्करला, म्हणजे मुलाला, ते दिसलंच नाही. लेकांना दिसत नाही असलं. सुनेला दिसलं.

सून आश्लेषा सांगलीची. ब्रॅकनेलातच एका कॉम्प्युटर कंपनीत होती, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम. हसरी आणि उरकाची पोर. एका संध्याकाळी ती सासूसमोर फोन घेऊन बसली.

"आई, कॉलेजला जाता का?"

"कशाला? झाडायला?"

"शिकायला. हे बघा. ब्यूटी थेरपी आणि स्पा मॅनेजमेंट. मसाज, फेशियल, हात, पाय, सगळं. इथं ट्रेनिंग असेल तरच कुणी हात लावू देतं."

"ब्यूटी? माजं तोंड बगितलंस का?"

"तुमचं कुठं करायचंय? लोकांचं करायचंय."

"लोकांचं बिघडवलं तर?"

"तर म्हणायचं, येताना असंच होतं."

दोघी हसल्या. फॉर्म सुनेनंच भरला. इंटरव्ह्यूला सुनेनंच नेलं. आणि चौपन्नाव्या वर्षी वैजयंती काळा ट्युनिक घालून, केस वर बांधून, हातातल्या दोन पाटल्या काढून कॉलेजात जाऊन बसली. पाटल्या निघता निघत नव्हत्या. साबण लावून सुनेनंच काढल्या.

वर्गातल्या पोरी सतरा-अठराच्या. कुणाला वैजयंती म्हणता येईना, म्हणून तिची व्हीजे झाली. भुवया कोरताना तिचा हात थरथरायचा, पण वॅक्सिंगला भारी. "केस उपटायला काय, कोंबडी सोलल्यागत हाय," असं ती घरी येऊन सांगायची. मसाजला तर पोरी तिच्या टेबलावर आडवं व्हायला नंबर लावायच्या. ट्रेसी म्हणून मास्तरीण होती, पन्नाशीची, कडक. ती एकदा वैजयंतीच्या पाठीमागं उभी राहून नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "व्हीजे, हे कुठं शिकलीस?" वैजयंतीनं सांगितलं, "हजबंड. फीट. फायर." ट्रेसीला काय कळलं ते तिलाच ठाऊक, पण तिनं मान हलवली.

अभ्यास मात्र जड जायचा. हाडांची नावं, स्नायूंची नावं. जेवणं उरकली की आश्लेषा किचनच्या टेबलाशी सासूला पाठ करून घ्यायची आणि नात मायरा, आठ वर्षांची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी, हाडांच्या सांगाड्याचं चित्र रंगवायची. सासूनं चूक केली की सून टेबलावर पळी आपटायची. "लहानपणी मास्तर मारायचा, म्हातारपणी सून मारती," असं वैजयंती आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कौतुकानं सांगायची. आपल्याला कुणीतरी बसवून शिकवतंय याचंच तिला अप्रूप.

मग पायांचा धडा आला. त्या दिवशी ट्रेसीनं जे सांगितलं, ते वैजयंतीनं मला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच पाठ झालंय. पाय पाण्यात घालायच्या आधी नखांचा रंग काढायचा. नख उघडं बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. कारण रंगाखाली काय दडलंय ते कळत नाही. नखाखाली काळी रेघ दिसली, तर सावळ्या माणसांत ती बहुतेक वेळा साधीच असते, पण ते ठरवणारे आपण कोण? रोगाचं नाव घ्यायचं नाही, घाबरवायचं नाही. डॉक्टरला दाखव एवढंच म्हणायचं आणि दाखवल्याशिवाय पुन्हा हात लावायचा नाही.

धडा सोपा. पाय मिळणं अवघड. मंडळातल्या बायकांना वैजयंतीनं विचारलं, तर सगळ्या पोरी दोन पावलं मागं. "छे हो काकू, तुम्ही वयानं मोठ्या. माझ्या पायाला हात लावणार?" फेशियल करून घ्यायच्या, डोकं दाबून घ्यायच्या. पाय म्हटलं की आवरून धरायच्या. एकीनं भीड पडून करून घेतलं, तर मधेच तीनदा उठून वाकून नमस्कार केला. ओल्या पायानं. कार्पेटची पार रया गेली. गोऱ्या बायकांचं तसं नाही. मांडीवर टॉवेल टाकला की त्या कपबशी ठेवावी तसा पाय ठेवतात आणि फोन बघत बसतात.

परीक्षेसाठी वैजयंतीनं त्या पोलिश बाईला सांगून ठेवलं होतं. पण ती ऐन वेळी आपल्या देशाला निघून गेली. वैजयंतीचं तोंड उतरलेलं बघून आश्लेषा म्हणाली, "मी येते मॉडेल म्हणून."

"तू?"

"का, माझ्या पायांत काय वाईट आहे? पण आधी घरी एकदा करून बघू. तिथं एकदम सगळ्यांसमोर मला लाज वाटेल."

खरं सांगायचं तर लाज वैजयंतीलाही वाटत होती. सुनेचे पाय धुवायचे हे तिच्या अंगात बसत नव्हतं. पण परीक्षा होती, आणि आपण होऊन पोर म्हणत होती.

शनिवारची दुपार होती. आश्लेषा सोफ्यावर, वैजयंती खाली बुटक्या स्टुलावर, मधे कोमट पाण्याचा टब. मायरा बाटल्या मांडायला. आश्लेषाच्या बोटांना नेहमीचा गडद लाल रंग. घरात ती बारा महिने मोजे घालायची, पण मोज्यांच्या आतही रंग असायचाच.

वैजयंतीनं कापसाला रंग काढायचं औषध लावलं. मायरा म्हणाली, "आजी, आधी मम्माचा तो काळा नख कर."

"कंचं काळं?"

"अंगठ्याचं," आश्लेषा म्हणाली. "इंडियाहून येताना बॅग नाही का पडली पायावर? तेव्हाचं आहे. वाईट दिसतं म्हणून रंग लावून ठेवते."

बॅग पडलेली वैजयंतीनंही बघितली होती. हीथ्रोवरच पडली होती, लोणच्याच्या बरण्यांची. पण ट्रेसीचं बोलणं कानात ताजं होतं. ती म्हणाली, "बगू तरी," आणि तिनं सुनेचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला.

तेवढ्यात दार उघडून शशीवन्सं आत आल्या.

शशी म्हणजे हरीशची थोरली बहीण. डॉक्टराची बायको, लंडनात एजवेअरला राहायच्या. भाऊ गेल्यापासून महिन्यातनं एकदा भावाचं घर बघून जायची त्यांची पद्धत. किल्ली त्यांच्याकडं असायचीच. कोट काढायच्या आधी त्या तिथंच थांबल्या.

"वैजयंती, व्हॉट इज धिस?"

"परीक्षा हाय, वन्सं. सराव करतीय."

"सराव? सासू खाली आणि सून सोफ्यावर. छान. आईनं बघायला हवं होतं."

"आत्या, मीच म्हटलं होतं—" आश्लेषा बोलायला गेली.

"तुला तरी कळायला नको का गं? सासूच्या मांडीवर पाय द्यायचा? चाळीस वर्षं झाली मला या कंट्रीत, मी सगळं चेंज केलं. पण घरात काही रीत राहू दे. कॉलेजमध्ये लोकांचे पाय धू बाई, हवे तेवढे धू. घरात नको."

आश्लेषानं पाय ओढून घेतला. मग मोजा चढवला, उठली आणि वाकून सासूच्या पायांना हात लावला, जणू काही चोरी सापडली होती. मग ती चहा टाकायला गेली. शशीवन्सं इडल्या घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी इडल्या खाल्ल्या.

वन्सं संध्याकाळी गेल्या. टब तिथंच होता. पाणी गार झालं होतं, पण किटली होती की घरात. वैजयंती टबाजवळ जाऊन जरा वेळ उभी राहिली. मग तिनं तो उचलला आणि सिंकमध्ये ओतला.

का ओतला, ते ती लपवत नाही. "वन्सं बोलल्या ते माज्याबी पोटात हुतंच," असं म्हणते. "त्यांनी नुसतं तोंडानं म्हटलं."

दोन दिवसांनी तिनं सुनेला एकदा विचारलं, "ते नख दाव गं." आश्लेषा घाईत होती. "आई, बॅगच पडली होती हो," म्हणाली आणि ऑफिसला गेली. परीक्षेला शेजारची म्हातारी आली. तिच्या टाचा वैजयंतीनं अशा मऊ केल्या की म्हातारीला रडू आलं. ट्रेसीनं पास तर केलंच, वर सगळ्या वर्गाला बोलावून त्या टाचा दाखवल्या. घरी आश्लेषानं केक आणला होता. केकवर साखरेचं पाऊल काढून घेतलं होतं. शशीवन्संनी फोनवर अभिनंदन केलं.

पुढं वर्ष गेलं, त्याच्याही वर काही महिने. वैजयंती स्पाच्या वर्गात गेली. टॉवेल किती गरम, खोलीत उजेड किती, गिऱ्हाइकाशी बोलायचं किती, असलं शिकायला लागली. उन्हाळ्यात एक दिवस वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या मोज्यांत तिला एक मोजा रक्तानं कडक झालेला सापडला. उजव्या पायाचा.

आता तिनं विचारलं नाही. सरळ वर गेली, सुनेला पलंगावर बसवलं आणि पाय हातात घेतला. नख मधोमध फुटलं होतं. रंग खरवडून काढला तर खाली काळं, आणि ते काळं नखाच्या मुळातनं बाहेर कातडीवर आलेलं. ट्रेसीनं वर्गात पडद्यावर दाखवलेलं चित्र असंच होतं.

"डॉक्टरला दाव," ती म्हणाली.

डॉक्टरनं लगेच पुढं धाडलं. तुकडा काढून तपासला. कातडीचाच कॅन्सर, नखाखाली वाढलेला. अंगठा काढला. बरं झालं म्हणेपर्यंत जांघेत गाठ आली. सलाईनमधनं औषधं सुरू झाली. काही दिवस त्यांनी आशा दाखवली, मग फुप्फुसात उतरलं. पुष्करनं डॉक्टरला विचारलं, आधी कळलं असतं तर? डॉक्टर बाई भली होती. म्हणाली, आधी कळलेलं केव्हाही बरंच, पण वाचल्याच असत्या असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. पुष्करनं ते घरी येऊन आईला सांगितलं. त्याला त्या शनिवारचं काही माहीत नव्हतं. तो क्रिकेट खेळायला गेला होता.

वैजयंतीनं कॉलेज सोडलं. ट्रेसीनं फोन केला, जागा ठेवते म्हणाली. हिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आश्लेषाचा पलंग खाली हॉलमध्ये आणला होता. एका दुपारी तिनं स्वतःच पांघरुणातनं पाय बाहेर काढले.

"आई, घ्या आता. आता कोण येतंय बघायला."

वैजयंतीनं टब आणला. धुतले, पुसले, क्रीम लावलं. मग नखांना तोच गडद लाल रंग.

"एक नख कमी झालं," आश्लेषा म्हणाली. "तुमचं काम वाचलं."

"गप बस."

"तुमच्या ट्रेसीला विचारा, नऊ नखांची परीक्षा चालते का."

त्या दिवसापासून रोज. औषधांनी तिच्याही तळपायांची आग व्हायची, हरीशसारखी. काशाची वाटी परत निघाली. मायरा शाळेतनं आली की आजीच्या शेजारी बसून तूप काळं कसं होतं ते बघायची. एकदा म्हणाली, "आजी, मम्माची सगळा काळा बाहेर आली का?" आजी म्हणाली, "येतंय बाळ."

मायरा खेळायला गेल्यावर वैजयंती खाली मान घालून घासतच म्हणाली, "त्या दिशी मी पानी वतायला नको हुतं."

आश्लेषा म्हणाली, "पाय मी ओढला, आई."

"मी धरायला पायजे हुता."

वैजयंतीनं वाटी डाव्या पायावर घेतली. मग आश्लेषा म्हणाली, "आत्यांना यातलं काही बोलू नका. म्हाताऱ्या झाल्यात." आणि जरा थांबून, "डावा जरा जोरात घासा."

फेब्रुवारीत ती गेली. घरीच, सकाळी. मायरा शाळेत होती.

इथं मयत लगेच उचलत नाहीत. अंत्यविधीवाल्यांकडं ठेवतात आणि वार मिळेल त्या दिवशी दहन. त्यांनी आम्हा बायकांना एक खोली दिली, स्वच्छ, गार, दवाखान्यासारखी. आश्लेषाला आम्ही तिथं हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, ओटी भरली. नवरा मागं ठेवून गेलेली, अहेव, म्हणून सगळं साग्रसंगीत. कुंकू शशीवन्संनी लावलं. वैजयंती विधवा, तिनं लावायचं नाही असं कुणीतरी कुजबुजलं. ती कुणाशी भांडली नाही. पायाशी जाऊन बसली. पिशवीतनं कापूस काढला, जुना रंग काढला, नऊ नखं एकेक बघितली आणि नवा रंग लावला. आता त्याचं काय काम होतं? पण कुणाची विचारायची छाती झाली नाही.

अहेव बाईच्या पाया पडतात आमच्यात. मेल्यावर ती लक्ष्मी होते, मग लहानमोठं बघत नाहीत. एकेक बाई पुढं झाली. साठीच्या, सत्तरीच्या, सगळ्या वाकल्या. त्या खोलीत आश्लेषाहून धाकटी एकही नव्हती. शेवटी शशीवन्सं आल्या. त्यांचे गुडघे गेलेले, तरी काठी टाकून त्या खाली बसल्या आणि त्यांनी सुनेच्या दोन्ही पायांवर कपाळ टेकवलं. उजव्या पायाला अंगठ्याच्या जागी नुसती शिवण होती. त्यांचं कपाळ नेमकं त्याच्यावर.

वैजयंती शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, आता चालतंय व्हय?"

आवाज चढवला नाही तिनं. ऐकलं मी आणि दोघीतिघींनी. शशीवन्सं उठल्याच नाहीत लवकर. आम्हाला वाटलं गुडघे धरले. दोघींनी दंडाला धरून उठवलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला ओला लाल रंग लागला होता. रुमालानं पुसला तर पसरला. वैजयंतीनं पिशवीतनं कापूस काढला, औषध लावलं आणि तिनंच त्यांचं कपाळ स्वच्छ करून दिलं. शशीवन्सं अजून येतात एजवेअरहून. आता बेल वाजवतात.

पुढच्या सप्टेंबरात वैजयंती परत कॉलेजात गेली. राहिलेलं पुरं केलं. यावेळी पाठ करून घ्यायला पळीवाली नव्हती. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली. आता गावातल्या बाजारपेठेत एका सलूनमध्ये असते. पुष्कर मायराला शाळेतनं घेऊन येताना तिथं थांबतो, पोरगी मागच्या खोलीत बसून सँडविच खाते.

परवा मी तिथं बसले होते, तर वरदा आली. नवीनच आलीय ब्रॅकनेलला, वर्षही झालं नसेल लग्नाला. वैजयंतीला बघून ती दारातच घुटमळली.

"अय्या काकू, तुम्ही? दुसरं कुणी नाहीये का? मला पायांचं करायचं होतं."

"मग कर की."

"नाही हो, तुमच्याकडून कसं? तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मला नाही बरं वाटणार."

वैजयंती बुटक्या स्टुलावर बसली. टब भरून ठेवलेला होता. मांडीवर टॉवेल टाकून तिनं त्याच्यावर हात आपटला.

"पाय आण."

"अहो पण—"

"नमस्कार नंतर कर. दहा कर. आदी पाय."

वरदानं लाजत लाजत पाय दिला. वैजयंतीनं घोटा पक्का धरला. मग कापूस घेतला आणि करंगळीपासनं सुरुवात केली. एकेक नख पुसायचं, खिडकीच्या उजेडाकडं वळवायचं, चष्मा वर करून बघायचं. वरदा काहीबाही बोलत होती, सासू कशी, नवरा कसा. वैजयंती हूं हूं करत होती, पण तिचं ध्यान तिकडं नव्हतं. अंगठा आला तेव्हा तिनं तो दोन बोटांत धरला आणि इतका वेळ बघत बसली की वरदा बोलायची थांबली.

"काही आहे का काकू?"

"काय न्हाई. चांगलं हाय."

दुसऱ्या पायाचंही सगळं बघून होईस्तोवर टबातलं पाणी गार झालं. तिचं नेहमीच असं होतं म्हणे. मालकीण त्यावरनं बोलतेसुद्धा. वैजयंतीनं टब उचलला, नेऊन ओतला आणि दुसरं कोमट पाणी घेऊन आली.